माथा सगळ्यांचा : लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर रेडिओ घेऊन

गुरुवार : बिन्सी

लीड्सहून निघायलाच दुपार झाली. पण मेच्या अखेरीस इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या केझिक गावी मुक्कामाच्या खोलीत बॅगा टाकल्या आणि तसेच बिन्सी या छोट्या डोंगराकडे निघालो. सोबत दादा. तो नाशिकहून सुट्टीवर आलाय. सह्याद्रीत त्याची अर्धी हयात गेली, आणि मला डोंगरांची गोडी लागली ती लहानपणी त्याच्या मागे मागे फिरूनच. हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ, मात्र मी इंग्लंडला आल्यावर शिकले. आधी परवाना काढला, मग मोर्स ही ठिपके-रेघांची भाषा शिकले, आणि आता डोंगरावर जाताना पाठीवर रेडिओ नसला तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. दादा सध्या भारतातल्या हॅम परीक्षेचा अभ्यास करतोय, म्हणून या वेळी लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, लिहायचं काम त्याच्याकडे.

गाडीत त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. 'समिट्स ऑन द एअर', ज्याला सगळे 'सोटा' म्हणतात, तो उपक्रम २ मार्च २००२ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झाला. कल्पना जॉन लिनफर्ड या ब्रिटिश हॅमची. आता शंभराहून जास्त ठिकाणी त्याच्या शाखा आहेत. माथ्यावर स्वतःच्या पायांनी जायचं, रेडिओ, बॅटरी आणि अँटेना आपणच वाहायचे. गाडीतून बोललेलं धरत नाहीत, तेलावर चालणारा जनरेटर चालत नाही. चार वेगवेगळ्या स्टेशनांशी, म्हणजे परवानाधारक हॅमांशी, संपर्क झाला की त्या डोंगराचे गुण मिळतात. डोंगरावर बसतो तो ॲक्टिव्हेटर, आणि घरी बसून त्याचा सिग्नल शोधतो तो चेसर. दोघांनाही गुण असतात, त्यामुळे खालची माणसंही तुमची वाट बघत असतात.

"मग तो समोरचा का नाही करत?" दादाने कॅटबेल्सकडे बोट दाखवलं. केझिकला आलेला प्रत्येक जण जो डोंगर चढतो, तो हा. पण कॅटबेल्स सोटाच्या यादीत नाही. इंग्लंडमध्ये यादीत यायचं तर डोंगर नुसता उंच असून भागत नाही. त्याच्याहून उंच जमिनीकडे जायला निघालं तर आधी किमान १५० मीटर उतरावं लागलं पाहिजे. कॅटबेल्स एका मोठ्या सोंडेचं टोक आहे, तेवढा उतार मागे नाही. बिन्सी त्याच्याहून चार-पाच मीटर बुटकी, ४४७ मीटर, पण चारी बाजूंनी सुटी उभी, म्हणून ती यादीत आहे.

बिन्सी लॉजपासून गवतातून वर जाणारी वाट अर्ध्या तासाची. माथ्यावर ट्रिग पिलर आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेने १९३६ पासून मोजणीसाठी देशभर उभे केले त्या काँक्रीटच्या खांबांपैकी हा एक. शेजारी दगडांची मोठी रास आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला ती वाटसरूंनी रचलेली वाटते, पण तळाशी कांस्ययुगातली समाधी आहे, हजारो वर्षांपूर्वीची. अँटेनाचा खांब खोचायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही. तिथेच खोचायचा नाही.

दादाने सॅक उतरवली ती सवयीने ट्रिगपाशी. मी त्याला पलीकडच्या उतारावर घेऊन गेले. सोटाच्या नियमांतला मला सगळ्यांत आवडणारा नियम हा : संपर्क करताना तुम्ही माथ्यापासून उभ्या मापाने २५ मीटरच्या आत असलं पाहिजे. नेमकं टोक गाठून तिथेच बसा असं कोणी म्हटलेलं नाही. २५ मीटर म्हणजे आठ मजल्यांची उंची. एवढ्या मोकळ्या पट्ट्यात ट्रिग, समाधी, आडोशाची भिंत आणि फोटो काढायची जागा बाकीच्यांना मोकळी सोडून बसायला कोपरा मिळत नाही, असा डोंगर मी क्वचितच पाहिला आहे. तरीही ट्रिगला खांब बांधून, चारी बाजूंना दोऱ्या ताणून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि बाकीचे लोक आपल्या कष्टाने मिळवलेल्या माथ्याला हात न लावता बाजूने निघून जाताना पाहिले आहेत. त्या लोकांच्या मनात हॅम रेडिओबद्दल तेवढंच राहतं.

संध्याकाळी फक्त दोन मीटर बँड (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा), एफएम. हातात मावणारा ५ वॅटचा सेट, आणि अडीच मीटरच्या काठीवर लटकवलेली गुंडाळी होणारी अँटेना. सेट चालू करून आधी ऐकलं. १४५.५०० मेगाहर्ट्झ ही बोलावण्याची फ्रिक्वेन्सी मोकळी होती. बाजूच्या एका चॅनेलवर दोन वयस्क गृहस्थ बागेतल्या बटाट्यांबद्दल बोलत होते, दुसऱ्यावर लँकेशरच्या बाजूला कोणाचं तरी बोलणं चाललं होतं. तिसरं मोकळं सापडल्यावरच मी १४५.५०० वर हाक दिली, आणि उत्तर आल्या आल्या सगळ्यांना तिकडे घेऊन गेले.

दादाला हे फार सोवळं वाटलं. "पाच वॅटनं कोणाला काय त्रास होणार?"

हाच मुद्दा आहे. खाली गावात ५ वॅटचा सेट दहा-पंधरा किलोमीटर जातो. वर आल्यावर तोच सेट समुद्रापलीकडे पोचतो. आणि एफएमचा स्वभाव असा, की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर रिसीव्हर जोरदार सिग्नल पकडतो आणि दुबळा पार पुसून टाकतो. दोन्ही मिसळून ऐकू येत नाहीत. म्हणजे बटाट्यांवर बोलणाऱ्या त्या गृहस्थांच्या चॅनेलवर मी तोंड उघडलं असतं, तर त्यांना एकमेकांचा आवाज एकदम नाहीसा झालेला कळला असता आणि मधेच एक अनोळखी बाई ऐकू आली असती. त्या दोघांपैकी एक जण मला ऐकूच येत नसता, तर मला त्याचा पत्ताही लागला नसता. डोंगरावरून आपल्याला सगळे ऐकू येतात या समजुतीत राहू नये. उंचीमुळे पोच वाढते, तशी जबाबदारीही त्याच अंतरापर्यंत वाढते.

सॉल्वे फर्थच्या खाडीपलीकडे स्कॉटलंडचा क्रिफेल डोंगर स्वच्छ दिसत होता, आणि नशिबाने त्यावरही एक ॲक्टिव्हेटर होता. डोंगरावरून डोंगराशी असा संपर्क झाला की दोन्ही बाजूंना वेगळाच आनंद होतो. त्यानंतर कॉकरमथजवळून एक कापरा आवाज आला. परवाना नवा, बोलण्याची ही पहिलीच वेळ. मागे तीन जण थांबले होते. मी त्यांना थांबवलं आणि त्या मुलाला वेळ दिला : त्याचा सिग्नल कसा येतोय, मी कुठे बसले आहे, समोर काय दिसतंय. थांबलेल्यांपैकी एकानेही कुरकुर केली नाही. उलट आपला नंबर आल्यावर प्रत्येकाने आधी त्या मुलाचं अभिनंदन केलं.

शुक्रवार : पाऊस

सकाळीच डोंगरी हवामानाचा अंदाज बघितला : गारा, विजांची शक्यता, माथ्यांवर ताशी ८० किलोमीटरचे वारे. विजांचं नाव दिसलं की सात मीटरचा खांब उभा करायचा नाही. पावसाचे विद्युतभारित थेंब अँटेनावर पडूनही रिसीव्हरमध्ये खरखर वाढत जाते. ती ऐकू यायला लागली की वायर सेटपासून सोडवून खाली निघावं. ठरवलेला डोंगर सोडून देण्यात काही गमावत नाही. इथली माउंटन रेस्क्यू पथकं पूर्णपणे स्वयंसेवकांची आहेत. आपल्या हट्टापायी कुणाला तरी हातातलं काम टाकून पावसात वर यावं लागतं. दादाच्या फोनमध्ये मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं : ९९९, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू.

मग पेन्सिल म्युझियम. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात शुद्ध ग्राफाइट सापडलं आणि केझिक पेन्सिलींचं गाव झालं. मला या म्युझियमची आपुलकी वेगळ्या कारणाने आहे. डोंगरावरचा लॉग मी पेन्सिलीनेच लिहिते. ओल्या कागदावर बॉलपेन घसरतं, थंडीत शाई बसते, फोनचा पडदा भिजला की बोटाला दाद देत नाही. पेन्सिल चालते. दादाने तिथून दोन घेतल्या.

ग्राफाइटच्या जुन्या खाणीखालचं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सर्वांत पावसाळी वस्त्यांपैकी एक, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. दादा म्हणाला, आपलं महाबळेश्वर यापेक्षा कितीतरी जास्त भिजतं. खरं आहे, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत संपतो. हा वर्षभर पुरवून पुरवून पडतो.

शनिवार : हेलव्हेलिन

हवा उघडली. त्यात सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सलग सुट्टी. स्वर्ल्सच्या गाडीतळावर सकाळी आठलाच जेमतेम जागा मिळाली. इथून ब्राउनकोव्ह क्रॅग्सच्या बाजूने चढणारी वाट खडी पण सोपी. नावाजलेली स्ट्रायडिंग एजची धार पलीकडच्या अंगाला. मागे थर्लमियरचं पाणी चमकत होतं. ते दिसायला तलाव असलं तरी खरं धरण आहे, १८९४ पासून मँचेस्टरला पाणी देणारं.

वाटेवर पिपिट पक्षी गवतातून भर्रकन उठत होते, आणि चंडोल वर आभाळात गात होते. हे दोन्ही जमिनीवर घरटं करतात आणि मे-जून हा त्यांचा ऐन हंगाम. बसण्यासाठी गवतात आडवंतिडवं फिरायचं नाही, आधीच तुडवलेली किंवा खडकाळ जागा बघायची. एखादा पक्षी जवळच घिरट्या घालून ओरडत असेल तर तो आपल्यालाच ओरडतोय असं समजून उठायचं.

९५० मीटरवरचा हेलव्हेलिनचा माथा म्हणजे ऐसपैस पठार आहे, इतकं की २२ डिसेंबर १९२६ रोजी जॉन लीमिंग आणि बर्ट हिंकलर यांनी इथे विमान उतरवलं आणि पुन्हा उडवून नेलं. त्याची शिळा आडोशाच्या भिंतीजवळ आहे. ही भिंत अधिक चिन्हाच्या आकाराची, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एक कोपरा शांत राहतो. आम्ही पोचलो तेव्हा चारही कोपरे भरलेले होते : सँडविच, फ्लास्क, कुत्री, दमलेली मुलं. वाऱ्यातून आलेल्या माणसाला त्या भिंतीची गरज माझ्या रेडिओपेक्षा जास्त असते, म्हणून तो कोपरा रिकामा असता तरी मी तिथे पसारा मांडत नाही. थोडी जागा झाल्यावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी तिथे बसून खाल्ली, आणि दुसऱ्यांसाठी जागा करून दिली.

मग पश्चिमेच्या उतारावर, माथ्यापासून दहा-पंधरा मीटर खाली. पूर्वेला कडा आहे, लोक तिकडे रेड टार्न हे तळं बघायला जातात. पश्चिमेच्या या गवताळ बाजूला कोणी थांबत नाही. जागा निवडताना मी आणखी एक बघते : वारा कुठून कुठे वाहतोय. माणसांच्या वाऱ्याखाली बसलं की आपलं बोलणं त्यांच्यापासून दूर जातं.

अँटेना कोणती लावायची हेही गर्दीवर ठरतं. ७ मेगाहर्ट्झसाठी डायपोल, म्हणजे दोन सारख्या बाहूंची वायरची अँटेना, लावायचा तर एकेक बाहू दहा मीटरचा, म्हणजे वीस मीटर वायर डोंगरावर पसरते. १४ मेगाहर्ट्झला ती निम्मी. माझ्या वायरीत मधे जोड आहेत, ते सोडवले की ती आखूड होते. आज १४ मेगाहर्ट्झच. सात मीटरचा फायबरग्लासचा काठीसारखा उलगडणारा खांब, त्याच्या टोकावरून उलट्या व्हीसारख्या उतरणाऱ्या दोन वायरी. दोरीच्या प्रत्येक टोकाला मी झगझगीत नारिंगी फीत बांधते, कारण खाली बघत चालणाऱ्या दमल्या माणसाला पातळ दोरी दिसत नाही. आणि वायरीची टोकं वाटेच्या उलट बाजूला, कारण अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलमध्ये सर्वांत जास्त व्होल्टेज टोकांशीच असतं. दहा वॅटलाही त्याला बोट लावलं तर चटका बसतो. मोठी माणसं विचारून येतात. लहान मुलं आणि कुत्री विचारत नाहीत.

खांब उभा करतोय तोच स्ट्रायडिंग एजच्या बाजूने एक गृहस्थ आले, सॅकच्या बाजूला तसलाच खांब. एका माथ्यावर दोन ॲक्टिव्हेटर. त्यांच्याकडे फक्त दोन मीटरचा हातातला सेट होता आणि उतरताना त्यांना पुन्हा धारेनेच जायचं होतं, वारा वाढायच्या आत. मी म्हटलं, दोन मीटर तुमचा, तुम्ही निघेपर्यंत मी त्या बँडला हात लावत नाही. जवळ जवळ बसून एकाच बँडवर दोघांनी बोलायचं म्हणजे एकमेकांचे रिसीव्हर बहिरे करायचे. ते ट्रिगच्या पलीकडे गेले, मी १४.०६२ वर मोर्समध्ये.

मोर्सला डोंगरावर मी जास्त पसंती देते ती फक्त दूर पोचतो म्हणून नाही. हेडफोन लावला की शेजारच्या माणसाला किल्लीच्या बारीक टकटकीपलीकडे काही ऐकू जात नाही. आधी प्रश्न पाठवायचा : फ्रिक्वेन्सी वापरात आहे का? थांबायचं, पुन्हा विचारायचं, आणि मगच सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक. दोन मिनिटांत युरोप अंगावर आला. स्पेन, जर्मनी, स्वित्झर्लंड, फिनलंड, सगळे एकदम. अशा झुंडीत एक अगदी बारीक सिग्नल सतत मागे पडत होता, पुढे त्याने पाठवलं की तोही डोंगरावर आहे. मी बाकीच्यांना थांबायला सांगून त्याला पुढे घेतलं. तो तिकडे ऑस्ट्रियात कुठल्यातरी माथ्यावर थंडीत बसलाय, त्याची बॅटरी माझ्याएवढीच लहान. घरच्या खुर्चीत बसलेल्याला दोन मिनिटं थांबायला काही होत नाही.

एक कुटुंब वाटेवरून खाली येत होतं. दहाएक वर्षांची मुलगी थबकली, आईने तिला हात धरून पुढे ओढलं. इथले लोक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाहीत. पण तिच्या डोळ्यांतला प्रश्न मला दिसला. मी हात केला. चेसरना 'थांबा' पाठवलं, हेडफोनचा एक कान तिला दिला, आणि पुढचा आला त्याचं नाव, देश कागदावर एकेक अक्षर लिहून दाखवलं. ती स्वीडनचा सिग्नल ऐकत होती. दादा तिला इंग्रजीत सांगत होता की वायरला हात लावायचा नाही आणि का लावायचा नाही. मला वाटतं, कुणी विचारलं तर पूर्ण उत्तर द्यावं आणि कुणी विचारलं नाही तर त्याच्या दिवसात आपण नसावं. यातला पहिला भाग पुष्कळ लोक विसरतात. मान वर न करता 'हॅम रेडिओ' एवढंच पुटपुटणं हाही उद्धटपणाच.

तासाभराने ते गृहस्थ हात हलवून गेले. मग दोन मीटर. ९५० मीटरवरून रेडिओचं क्षितिज साधारण १२५ किलोमीटरवर पडतं, आणि समोरचाही उंचावर असेल तर त्याच्याही पुढे. त्या वर्तुळात लँकेशरचा किनारा, आइल ऑफ मॅन, दक्षिण स्कॉटलंड सगळं येतं. दादाने विचारलं, मग रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा जोराने पाठवणारं केंद्र, का वापरत नाही? एक तर सोटात जमिनीवरच्या रिपीटरमधून झालेला संपर्क धरत नाहीत. दुसरं, दूरदूरचे अनेक रिपीटर एकाच इनपुट फ्रिक्वेन्सीवर असतात. ते एकमेकांपासून लांब आहेत म्हणून एरवी चालून जातं. इतक्या उंचीवरून बटण दाबलं की दोन-तीन एकदम उघडू शकतात आणि तितक्या गावांतलं बोलणं तुटू शकतं.

उठताना दादाने जागा न्याहाळली. गवत दबलेलं, बाकी काही नाही. वायरचा एक कापलेला तुकडा मात्र त्याला सापडला, आमचा नव्हता. तो त्याने खिशात टाकला. तांब्याचा बारीक तुकडा मेंढीच्या पोटात गेला तर काय होतं हे त्याला सांगायची गरज नव्हती.

रविवार : ग्रेट गेबल

होनिस्टर खिंडीत पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे. तिथून ग्रे नॉट्स, ब्रँड्रेथ करत ग्रीन गेबल (८०१ मीटर), मग विंडी गॅप नावाची खिंड, आणि तिथून खडकांवर हात टेकत शेवटची चढण. हर्डविक मेंढ्या वाटेत होत्या. या जातीची कोकरं काळीभोर जन्मतात आणि वयाबरोबर करडी होत जातात, त्यामुळे कळपात आई आणि पिल्लू वेगळ्या जातीचे वाटतात. दादा विंडी गॅपला उभा राहून म्हणाला, ही खिंड नाशिक जिल्ह्यात असती तर नाव एखाद्या देवाचं असतं.

गेबलचा माथा ८९९ मीटर. सगळा मोठमोठ्या दगडांचा, मातीच नाही. मधल्या खडकावर कांस्याचा फलक आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या सभासदांच्या स्मरणार्थ इथल्या 'फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लब'ने आसपासचे डोंगर विकत घेतले, सुमारे ३००० एकर, आणि १९२३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केले. मूळ फलक १९२४ च्या जूनमध्ये बसवला. दर नोव्हेंबरात रिमेम्बरन्स संडेला, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणदिनी, शेकडो लोक धुक्यात, पावसात वर येऊन अकरा वाजता इथे स्तब्ध उभे राहतात. त्या दिवशी इथे रेडिओ लावण्याचा विचारही करू नये. बाकीच्या दिवशीही त्या खडकापाशी मी नुसती उभी राहते. हा एक डोंगरच स्मारक म्हणून दिलेला आहे. इथे लोकांना मोकळं फिरता यावं, एवढंच त्या देणगीचं मागणं.

ईशान्येच्या अंगाला, फलक दिसणार नाही इतक्या आडोशाला, आम्ही जागा धरली. दगडात खुंट्या जात नाहीत, आणि इथे एक मोह असतो : जवळच्या खुणेच्या रचलेल्या राशीतले चार दगड उचलून दोरी दाबायची. त्या राशी धुक्यात वाट दाखवतात. त्यातला दगड हलवायचा नाही आणि आपली नवीन रासही रचून ठेवायची नाही, कारण पुढच्या धुक्यात कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवेल. एक दोरी दादाच्या सॅकला, एक माझ्या सॅकला, तिसरी जागच्या जागी रुतलेल्या खडकाला. वारा बेताचा होता, तेवढं पुरलं.

आज चेसरांपैकी पुष्कळ इंग्लंडमधलेच हवे होते म्हणून ७ मेगाहर्ट्झ, बोलून. दगडांच्या या माथ्यावर गर्दी फलकाभोवतीच असते, आमच्या बाजूला कोणीच नव्हतं, त्यामुळे लांब वायरची अडचण नव्हती. सात-आठ जण झाले असतील, दादाने माझ्या खांद्याला हात लावला. वाऱ्याची दिशा बदलली होती. आणि माथ्याकडे एक म्हातारी बाई आणि तिच्यासोबत एक तरुण मुलगा जाताना दिसत होते. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली फुलं होती.

मी माइकवर हळू आवाजात सांगितलं, माथ्यावर स्मारकापाशी कोणी आलंय, थोडा वेळ थांबते. उत्तरादाखल कुणीतरी दोन शब्द बोललं, घाई नाही म्हणून. नंतर फ्रिक्वेन्सीवर कोणी हाक दिली नाही. सेट बंद केला. दादाने लॉगमध्ये वेळ लिहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. आम्ही चहा घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी ते दोघं विंडी गॅपकडे उतरले. जाताना मुलाने आमच्याकडे बघून मान हलवली.

परत सेट लावला तेव्हा त्या फ्रिक्वेन्सीवर दोन डच स्टेशनं गप्पा मारत होती. फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते, थांबून गेलं की ती दुसऱ्याची. मी पाच किलोहर्ट्झ वर सरकले, आधी विचारलं, मग हाक दिली. मघाचे सगळे शोधत शोधत तिथे आले. दादाला याचं फार अप्रूप वाटलं. मी मात्र त्यानंतर बोलणं आवरतं घेतलं आणि उरलेले मोर्सवर केले, वारा माथ्याकडे होता म्हणून.

उतरताना दादा बराच वेळ साल्हेरबद्दल बोलत होता. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि वर परशुरामाचं मंदिर. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यात साल्हेरही आहे. "तिथे तुझ्या या खुंट्या चालणारच नाहीत," तो म्हणाला, "कातळाला, तटाला, काहीच बांधायचं नाही. मंदिराच्या दगडाला तर हातच नको. सॅकला दोरी बांधायची तुझी आजची युक्ती बरी." कळसूबाईचंही तेच. १६४६ मीटरवरून रेडिओचं क्षितिज एकशे पासष्ट किलोमीटरच्या पुढे जाईल, मुंबई, पुणे, नाशिक सगळं आवाक्यात. पण टोकावर देवीचं एवढंसं देऊळ आणि भोवती उभं राहायलाही जेमतेम जागा. बारी गावातून बायका नवरात्रात अनवाणी चढतात. त्यांच्या रांगेत खांब उभा करणाऱ्याला मी तरी हॅम म्हणणार नाही.

सोमवार : परत

निघण्याआधी लॉग संगणकावर चढवला. चेसरना गुण त्यांच्या स्वतःच्या नोंदीवर मिळतात, पण दोन्ही नोंदी जुळल्या तर त्यांना बरं वाटतं. दादाची पेन्सिलीची अक्षरं पावसाचे दोन थेंब पडूनही स्वच्छ वाचता येत होती. बिन्सीच्या पानावर त्याने कॉकरमथच्या मुलाच्या कॉलसाइनसमोर (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं नाव) 'पहिलाच' असं लिहून ठेवलं होतं.

एम-६ महामार्गाला लागेपर्यंत तो फोनवर काहीतरी लिहीत होता. साल्हेरची यादी. सात मीटरचा खांब, आखूड वायर, नारिंगी फिती, पेन्सिल. मंदिराच्या खालच्या टप्प्यावर वाऱ्याखाली बसायचं. आधी वाडीतल्या लोकांना सांगायचं की हे काय आहे, म्हणजे वर अनोळखी खांब दिसून कोणी घाबरणार नाही. पाण्याच्या टाक्यांपाशी काहीही मांडायचं नाही. भारतात माझा इथला परवाना चालत नाही, तेव्हा माइक त्याच्याच हातात असेल आणि लॉग माझ्याकडे. पावसाळा उलटल्यावर, नवरात्र झाल्यावर, सुट्टी नसलेल्या मधल्या वारी जायचं. तोवर त्याची परीक्षा.